नेटवर बघून जुनी गाडी घ्यावी का? (पुणे, बजेट साडेचार लाख)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, चूकभूल सांभाळून घ्या.

आम्ही धायरीत राहतो, आई-बाबा कराडला. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, एसटीच्या पायऱ्या आता त्यांना जमत नाहीत आणि दर तपासणीला भाड्याची गाडी करायची म्हणजे जाऊन येऊन पाच-सहा हजारांना फोडणी. त्यामुळे गाडी घ्यायचीच असं ठरलंय. नवी झेपणार नाही, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. ट्रान्सफर, इन्शुरन्स सगळं धरून साडेचार लाख. बायकोने नुकतंच लायसन्स काढलंय, त्यामुळे ऑटोमॅटिक मिळाली तर उत्तम. महिन्याला सातशे-आठशे किलोमीटर होतील, त्यात खंबाटकी आलाच.

गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मी आणि ही लॅपटॉप घेऊन बसतो. बघून बघून तीन गाड्या उरल्यात. एक २०१७ ची स्विफ्ट पेट्रोल, एमएच १२, फर्स्ट ओनर, ४६ हजार किमी, हडपसरच्या डीलरकडे. दुसरी २०१८ ची वॅगन आर ऑटोमॅटिक, मालकाने स्वतःच जाहिरात टाकलीय, फोटो चारच आणि तेही अंधारातले. तिसरी होंडा सिटी डिझेल २०१५, दिल्ली पासिंग, किंमत बघून डोळे फिरतात इतकी स्वस्त.

स्विफ्टवाला म्हणतोय आज रात्रीपर्यंत अकरा हजार टोकन टाका, उद्या दुसरी पार्टी येतेय. फोटो तीस आहेत, एक तपासणीचा रिपोर्टही पाठवलाय, सगळीकडे हिरव्या खुणा. टाकू का?

---

निनाद_ठाणे

नका टाकू. सविस्तर रात्री लिहितो.

---

वडाची_साल

रुमाल टाकून ठेवते, आम्हालाही दिवाळीपर्यंत घ्यायचीय.

---

मेस्त्री_कोल्हापूर

कृष्णाकाठ, टोकन खिशात ठेवा. बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, गाडी न बघता पैसे दिलेली माणसं नंतर माझ्याकडंच येतात.

नेटवर गाडी बघायला माझी ना न्हाई. पण फोटोत चकाकी बघू नका, फटी बघा. बॉनेट आणि मडगार्डच्या मधली फट डावीकडं जेवढी तेवढीच उजवीकडं पाहिजे. एका बाजूला करंगळी जाईल एवढी आणि दुसऱ्या बाजूला नख पण जाईना, म्हणजे त्या बाजूनं ठोकलेली. मग विकणाऱ्याकडून हे फोटो मागवा: बॉनेट उघडून बिजागरीच्या बोल्टचे, दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) खाली ओढून आतल्या पत्र्याचे, आणि डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्याचे. कंपनीतनं आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतोय, पाना लागला की कोपऱ्याचा रंग उडतोच, कितीबी जपून लावा. बीडिंगखाली वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीनं दिसतात, ते दिसंनात, पुट्टीनं भरल्यागत सपाट लागलं तर समजायचं काय ते. स्टेपनीच्या खड्ड्यात पत्र्याला सुरकुती असंल तर मागनं बसलंय.

आणि एक व्हिडिओ मागवा, सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करतानाचा, सायलेन्सर दिसला पाहिजे. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतंय. निळा धूर आला तर ऑइल जळतंय. थंडीत पांढरी वाफ थोडा वेळ येणार, ते चालतंय, पण पाच-दहा मिनिटांनीही पांढरा लोट थांबंना तर हेडगॅस्केटचा संशय घ्या. बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. तुम्ही येणार म्हणून आधीच गरम करून ठेवली असंल तर का ठेवली ते विचारा.

फोटो मागितल्यावर कोण किती टाळतंय, त्यावरनंच निम्मं कळतंय.

---

वडाची_साल

@मेस्त्री, हे छापून भिंतीवर लावायला हवं. वाचनखूण साठवली.

---

निनाद_ठाणे

आता सविस्तर. माझा अनुभव चांगला आहे आणि तोही लिहायला हवा, नाहीतर धागा वाचून सगळे घाबरतील. दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून आय-टेन घेतली. काही दिवसांत परत करायची सोय होती, वर्षाची वॉरंटी होती, ट्रान्सफर त्यांनीच केलं. तीच गाडी थेट मालकाकडून तीस-चाळीस हजारांनी स्वस्त पडली असती, हे मान्य. पण मला आरटीओत चकरा मारायला वेळ नव्हता, त्याचे पैसे मोजले असं मी धरतो. आजपर्यंत एक बॅटरी सोडून खर्च नाही.

पण ती घेतानाही मी रिपोर्टवर विसंबलो नव्हतो. हिरव्या खुणा विकणाऱ्यानेच केलेल्या असतात ना शेवटी. गाडीचा नंबर मिळाला की आधी एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचं अर्धं नाव दिसतं, बाकी चांदण्या, पण नोंदणीची तारीख, कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी, कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं फुकट कळतं. मग महाट्रॅफिकवर थकलेली चलनं बघा. दहा मिनिटांचं काम आहे. जाहिरातीत नंबर प्लेट झाकलेली असेल आणि मागूनही नंबर देत नसतील तर पुढच्या गाडीकडे वळा.

---

कृष्णाकाठ

टोकन टाकलं नाही. डीलरला नंबर मागितला तर म्हणाला, "साहेब, या तर खरं, सगळं दाखवतो." नंबर दिला नाही. शनिवारी जातोय.

---

चाकण_ऑटो

मी स्वतः जुन्या गाड्यांचा धंदा करतो त्यामुळे थोडी दुसरी बाजू. डीलर म्हणजे चोर असं धरून चालू नका राव. नंबर न देण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं, नंबर दिला की गिऱ्हाईक मालकाला गाठतं आणि आम्ही मधल्या मधे जातो, कारण गाडी आमच्या नावावर नसते, पार्किंगला, म्हणजे मालकाने विकायला ठेवलेली असते फक्त. टोकनची घाई मात्र चूक, ते मीही मान्य करतो.

आणि भावाचं म्हणाल तर नेटवर दिसते ती मागणी असते, सौदा नव्हे. एकच गाडी पंचवीस दिवस लागून राहिली असेल तर ती त्या किमतीला जात नाहीये, हे मालकालाही कळलेलं असतं. तेव्हा फोन करा. आणखी एक, चालू इन्शुरन्सची पॉलिसी मागा, त्यात आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, लिहिलेली असते. पाच वर्षांवरच्या गाडीला ती कंपनी आणि मालकाने मिळून ठरवलेली असते, त्यामुळे तंतोतंत धरू नका, पण मागणी त्याच्या दीडपट असेल तर विचारायला तोंड मिळतं.

---

हिशोबी_मावशी

@चाकण_ऑटो, एक शंका. आता जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणतात, म्हणजे चार लाखांवर बहात्तर हजार?? आमच्या सोसायटीत कालच यावरून वादावादी झाली.

---

चाकण_ऑटो

नाही मावशी, घाबरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली तेव्हापासून हा घोळ व्हॉट्सॲपवर फिरतोय. १८ टक्के आहेत ते जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरच्या मार्जिनवर. साडेतीनला घेऊन चारला विकली तर वरच्या पन्नास हजारांवर, म्हणजे नऊ हजार. माणसाने माणसाला घरगुती गाडी विकली तर जीएसटीचा काही संबंध नाही.

---

हिशोबी_मावशी

धन्यवाद. सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, बरेच जण शांत होतील.

---

वाशिष्ठी

मी चिपळूणची. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण कृष्णाकाठ यांनी वडिलांसाठी म्हणून लिहिलंय, म्हणून लिहिते.

२२ जुलै २०२१ ला आमच्याकडे पाणी आलं तेव्हा गाडी खालीच उभी होती. रात्री कुणाला बाहेर पडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा स्टिअरिंगच्या वरपर्यंत चिखल होता आणि डॅशबोर्डवरचा गणपती मागच्या सीटवर सापडला. इन्शुरन्सने टोटल लॉस धरली, पैसे मिळाले, गाडी क्रेनने उचलून नेली. ती भंगारात जाणार असंच आम्ही धरून चाललो होतो.

नऊ-दहा महिन्यांनी भावासाठी गाडी बघत होते. दुसऱ्या एका शहरातली जाहिरात उघडली. नंबर प्लेट झाकलेली, रंग तोच, मॉडेल तेच, तशा हजारो असतात. पण मागच्या सीटचा फोटो मोठा करून पाहिला आणि हातच थांबला. आमच्या सीट कव्हरला उजव्या कोपऱ्यात फाटलं होतं तिथे आईने घरीच टाके घातले होते, काळा दोरा संपला म्हणून हिरव्या दोऱ्याने. ते टाके फोटोत होते. एक-दोन नाही, सगळे. वर लिहिलेलं, "सिंगल हँडेड, वेल मेंटेन्ड".

मी फोन केला, पुराची गाडी आहे का विचारलं. समोरचा म्हणाला छे छे, डॉक्टरची गाडी आहे. त्या साइटला तक्रार केली, दोन दिवसांनी जाहिरात गेली. गाडीचं पुढे काय झालं ते कळलं नाही. कुणीतरी लेकराबाळांना घेऊन त्यात बसत असेल, हा विचार अजून येतो.

टोटल लॉस झालेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता कुणीही गाडी बघायला निघालं की मी एकच सांगते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. सगळा, पार टोकापर्यंत. बाहेरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातीची रेघ असते.

---

मेस्त्री_कोल्हापूर

ताई, बरोबर सांगितलंत. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरानंतर आमच्याकडं, सांगलीकडं असल्या लई गाड्या फिरल्या. सीटबेल्टबरोबर आणखी बघा: पुढच्या सीटच्या खाली हात घालून रुळाला गंज आहे का, गालिचा उचलून खालचा फोम दाबून ओल किंवा वास येतोय का, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात बारीक गाळ आहे का. आणि नको तितका अत्तराचा वास येत असंल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. पावसाळ्यातला वास लपत न्हाई.

पूरग्रस्त गाडीचं इंजिन सुधारता येतंय, वायरिंगचं दुखणं जन्मभर जात न्हाई. आज काच खाली होत न्हाई, उद्या एअरबॅगचा दिवा लागतोय.

---

सोलापुरी_चादर

वाशिष्ठी, तुमचा प्रतिसाद वाचून गाडी घ्यायची असो नसो, सगळ्यांनी सीटबेल्ट ओढून बघितले असणार. मी आत्ता खाली जाऊन स्वतःच्याच गाडीचा ओढून आलो.

---

बर्मिंगहॅमकर

इथे यूकेमध्ये एक सोय आहे, ती आपल्याकडे व्हावी असं फार वाटतं. तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची असते आणि सरकारच्या साइटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की आधीच्या तपासण्यांचे निकाल फुकट दिसतात. टायर झिजला म्हणून नापास, ब्रेक पाइप गंजला म्हणून शेरा, आणि प्रत्येक वेळी मीटर किती होतं तेही. मागच्या वर्षी ७१ हजार मैल आणि जाहिरातीत ५८, असं असेल तर पाच सेकंदात उघडं पडतं. मी एक गाडी अशीच सोडली.

---

निनाद_ठाणे

@बर्मिंगहॅमकर, आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासणी थेट पंधरा वर्षांनी, त्यामुळे मधल्या काळातलं मीटर सरकारकडे नसतंच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद हाच काय तो आधार. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून फोन करवून हिस्टरी काढता येते. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि मीटर असतं. पण लोक वॉरंटी संपली की बाहेर कामं करतात आणि तिथून पुढे अंधार.

---

मेस्त्री_कोल्हापूर

अंधारात पण टायर बोलतोय की. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४१७ म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. एक सेट चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातोय साधारण. मीटर ४० हजार दाखवतंय आणि टायर आत्ता बदललेले, तर का बदलले ते विचारायचं. जुने टायर कडक होऊन बदलतात लोक, तेही खरं, म्हणून एकट्या टायरवरनं निकाल देऊ नका. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा घासलेला भाग, ड्रायव्हर सीटची कड, सगळं जुळवा.

---

पश्चिमद्वार

तिसऱ्या गाडीबद्दल कुणीच बोललं नाही. दिल्लीची डिझेल स्वस्त का, तर दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदी, असा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश २०१५ मध्ये आला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तेव्हापासून तिथल्या मुदत संपत आलेल्या डिझेल गाड्या बाहेर निघायला लागल्या. गाड्या वाईटच असतात असं नाही. पण तिथून एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणायचा, इथे बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा एकरकमी टॅक्स वेगळा भरायचा. ते सगळं जोडल्यावर स्वस्ताई किती उरते याचा हिशोब आधी करा. शिवाय महिन्याला सातशे किलोमीटरसाठी डिझेल कशाला?

---

सोलापुरी_चादर

डिझेलला उगाच नावं ठेवू नका हो. आमची २०१४ ची डिझेल स्विफ्ट दोन लाख किलोमीटर झाली, अजून सोलापूर-पुणे एका दमात.

---

पश्चिमद्वार

तुमचं रनिंग आहे ना पण तेवढं. ज्याचं रोज ऐंशी किलोमीटर त्याने जरूर घ्यावी. कृष्णाकाठ यांची गाडी आठवडाभर उभी राहणार.

---

सोलापुरी_चादर

ते मान्य. (डिझेलचा स्वतंत्र धागा काढायला हवा, इथे नको.)

---

फसलेला_नाशिककर

टोकनवरून आठवलं, माझंही लिहितो, कुणाचे तरी वाचतील. एका फुकट जाहिरातींच्या साइटवर बलेनो दिसली, बाजारभावाच्या निम्म्याला. माणूस म्हणाला मी लष्करात आहे, बदली झालीय, गाडी छावणीत उभी आहे, ट्रान्सपोर्टने पाठवतो. ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो, आरसी, सगळं पाठवलं. बोलायला इतका सभ्य की मीच त्याला सर म्हणत होतो. आधी ट्रान्सपोर्टचे ५,१५० मागितले. मग गेटपासचे, ते परत मिळणार होते. मग एक क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, तुमचे पैसे परत येतील". स्कॅन करून पिन टाकला आणि आणखी अठरा हजार गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, हे मला माहीत होतं हो. पण त्या क्षणी सुचलं नाही. मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी, तोपर्यंत पैसे तीन खात्यांतून फिरून काढले गेले होते. असं काही झालं तर त्याच मिनिटाला १९३० लावा, लाज वाटून घेऊ नका. घरी सांगायला मला चार दिवस लागले.

---

वाशिष्ठी

@फसलेला_नाशिककर, नाव बदला आधी. चूक फसवणाऱ्याची.

---

पोरवयाचा_वकील

कागदांबद्दल लिहितो कारण तीन पाने झाली तरी कुणी हात घातला नाही.

मालकी बदलायला फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ज्याला एजंट लोक एचपी (आरसीवरचा कर्जाचा बोजा) काढणे म्हणतात. कर्ज फिटलं म्हणजे एचपी आपोआप निघते असा बऱ्याच जणांचा समज असतो, ती निघत नाही, अर्ज करावा लागतो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० चा नियम. थकलेली चलनं आधी भरून घ्या, नाहीतर तिथे घोडं अडतं.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात.

आणि हे विकणाऱ्यांसाठी. गाडी विकली, किल्ली दिली, पैसे मिळाले, पण आरटीओत नाव तुमचंच आहे आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, आणि त्या प्रकरणात गाडी एकामागून एक बऱ्याच हातांतून गेली होती तरी. म्हणून डिलिव्हरी लेटरवर तारखेसोबत वेळही लिहा, दोघांच्या सह्या घ्या. सायंकाळी सहाला गाडी दिली आणि सात वाजता कुणी सिग्नल तोडला, तर तेवढाच कागद कामाला येतो.

---

हिशोबी_मावशी

वेळ लिहायचं हे नवीनच कळलं. आमच्या यांनी २०१६ मध्ये स्कूटर विकली, तिचं चलन मागच्या महिन्यात आमच्याकडे आलं!

---

पोरवयाचा_वकील

मावशी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

कृष्णाकाठ

मंडळी, शनिवार झाला. सविस्तर लिहितो.

हडपसरला ओळखीचा मेकॅनिक घेऊन गेलो, त्याने दीड हजार घेतले. गाडी बाहेरून आरशासारखी. नंबर मिळाल्याबरोबर हिने तिथेच उभं राहून ॲपवर टाकला. मालक दुसरा. जाहिरातीत फर्स्ट ओनर. शिवाय एका बँकेचा बोजा अजून तसाच. विचारलं तर म्हणे पहिला मालक काका आणि दुसरा पुतण्या, घरातल्या घरात, म्हणून फर्स्टच धरतो आम्ही.

मग टायर बघितले. चारही २०२४ चे. मी म्हटलं ठीक आहे, कडक झाले असतील. मेकॅनिकने डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढली, तिच्यावर २०२१ चा आकडा, आणि ती झिजून गुळगुळीत. म्हणजे २०१७ चे मूळचे टायर गेले, २०२१ चे गेले, आता तिसरा सेट. मीटर ४६ हजार. डीलर काहीच बोलला नाही, चहा मागवतो म्हणाला. आम्ही चहा न घेता निघालो.

येताना ही गाडीत, म्हणजे रिक्षात, एवढंच म्हणाली की त्या रात्री अकरा हजार टाकले असते तर आज हेच सगळं दिसूनही आपण स्वतःची समजूत काढत बसलो असतो. ते मला फार पटलं.

आता वॅगन आरवाल्यांना फोन करतो. ते चार अंधारे फोटो बघून आम्ही तिला शेवटी ठेवली होती.

---

मेस्त्री_कोल्हापूर

तुमच्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा. स्टेपनी बघणारा माणूस सोडू नका.

वॅगन आरला ऑटोमॅटिकचा क्लच नीट बघून घ्या. ही एएमटी, आत साधा गिअरबॉक्सच असतोय, क्लच मशीन दाबतंय. चढावर थांबवून परत उचला, थरथरली किंवा इंजिन नुसतं ओरडलं तर क्लच संपत आलाय. आणि ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं चालवाच.

---

पश्चिमद्वार

व्हेरिएंटही नीट बघा. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या गाडीत व्हेरिएंटनुसार असेल किंवा नसेलही. जुने ब्रोशर नेटवर सापडतात, त्या वर्षाचं, त्याच व्हेरिएंटचं काढून ताडून बघा. वडिलांना बसवणार आहात, तर दोन एअरबॅग आणि एबीएसवालीच (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होत नाहीत ती) घ्या. शिवाय एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, एचएसआरपी, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही विचारा.

---

वडाची_साल

काय झालं कृष्णाकाठ? दहा दिवस झाले.

---

कृष्णाकाठ

झालं! घेतली. उशीर झाला कारण कराडला होतो.

सहकारनगरमध्ये निवृत्त मास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्याला कमी दिसायला लागलं म्हणून मुलीने चालवायला बंदी घातली. फोटो अंधारात का, तर पार्किंगमधली ट्यूब गेलीय आणि गाडी बाहेर काढायलाही मुलगी देत नाही. एक निळी फाइल समोर ठेवली. पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं, तारखेप्रमाणे पंच करून, वायपर ब्लेडचं १८० रुपयांचंसुद्धा. प्रत्येक बिलावर त्यांनी स्वतः पेनाने मीटर लिहिलेलं. ३१ हजार. सर्व्हिस सेंटरला त्यांच्यासमोर फोन केला, आकडे जुळले. टायर मूळचेच, २०१८ चे. झिजले नव्हते पण बारीक चिरा पडल्यात, ते बदलायला लागणार, म्हणून त्यांनी आपणहून पंधरा हजार कमी केले. नवी नंबर प्लेट बसवलेली होती.

वाशिष्ठीताई, चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. मास्तर बघत होते, विचारलं काय शोधताय. मी तुमची हकीकत सांगितली. ते काही वेळ गप्प बसले आणि मग स्वतः उठून मधला पाचवा पट्टा ओढून दाखवला, म्हणाले, हा राहिला.

तीन लाख पंच्याऐंशीला ठरली. पाच हजार इसार, कागदावर लिहून. बाकी बँकेतून, फॉर्मवर सह्या झाल्यावर. डिलिव्हरी लेटरवर तारीख आणि वेळ, सकाळी ११.४०, वकीलसाहेब.

रविवारी कराडला नेली. बाबांनी दार उघडलं, आधी सीटवर आडवे बसले, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. सीट उंच आहे त्यामुळे वाकावं लागलं नाही. कुणाचा हात धरला नाही. आई म्हणाली, बघ, एकटे बसले.

---

वाशिष्ठी

मला इतका आनंद झालाय. मास्तरांना माझा नमस्कार कळवा.

---

मेस्त्री_कोल्हापूर

लई भारी. टायर मात्र घाट चढायच्या आधी बदला, झीज बघू नका, वय बघा.

---

सोलापुरी_चादर

अभिनंदन! पेढे पोस्टाने चालतील.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टायर उद्याच टाकतो. एक शेवटची शंका, ट्रान्सफरचा अर्ज झालाय, पावती आलीय, पण ॲपवर अजून मास्तरांचंच अर्धं नाव आणि चांदण्या दिसतात. आणि त्यांचा फास्टॅग काचेवर आहे, तोच चालू ठेवू का?

---

पोरवयाचा_वकील

नाव बदलायला थोडे दिवस जातात, पावती आणि डिलिव्हरी लेटरची प्रत गाडीत ठेवा. फास्टॅग त्यांना त्यांच्या बँकेतून बंद करायला सांगा, शिल्लक त्यांना परत मिळेल, मग तुम्ही तुमच्या नावाने नवा घ्या. काचेवरचा जुना काढताना हेअर ड्रायरने गरम करा, सहज निघतो.